कुलपाआडचं लेकरू



हा अंक उशिरा निघतोय. कागदाचे पैसे जमले नव्हते, हे नेहमीचं कारण. दुसरं कारण असं की ह्या पानासाठी साहित्य संमेलनावर एक सणसणीत मजकूर लिहून ठेवला होता. तो फाडला. संमेलनवाले कुठं पळून जात नाहीत, त्यांना पुढच्या अंकात पाहू. आज एका कुलपावर लिहायचं आहे.

अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातली एक बाई. नाव लिहीत नाही, लिहिलं तर तिचीच पंचाईत. सकाळी सातला ती घर सोडते. कॅम्पात चार घरची धुणीभांडी करते आणि पाचव्या घरी दुपारी तीनपर्यंत त्यांचं दीड वर्षाचं बाळ सांभाळते. बाळाची आई बँकेत, बाप कॉलेजात. हिची स्वतःची दोन. पोरगी आठ वर्षांची, पोरगा तीनचा. नवरा नाक्यावर उभा राहतो, काम लागलं तर बांधकामावर जातो. ही निघताना टिनाचं दार ओढते, बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली शेजारच्या बुढीजवळ देते. बुढी दिवसातून दोन-तीनदा दार उघडून पाहते, पोट्ट्याला पाणी पाजते, पोरीनं भाकर खाल्ली का ते विचारते.

मागं एकदा वस्तीत सर्व्हेवाली ताई आली. शिकलेली, मनानं चांगली, हातात फाइल. तिनं कुलूप पाहिलं, आतलं रडणं ऐकलं. बाई परत येईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "हा गुन्हा आहे. कोणी तक्रार केली तर तीन वर्षं आत जाल. लेकरं बालगृहात जातील."

संध्याकाळी बाई आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर आली. "भाऊ, तुमी पुस्तकं वाचता. खरंच नेतीन का हो माह्या लेकरायले?"

आम्ही गप्प. मार्क्स आणि बुद्ध ह्यावर रात्रभर भांडणारे आम्ही, त्या बाईपुढं आमची जीभ उचलेना. कारण कायदा आम्हाला ठाऊकच नव्हता. मग वाचला. जे सापडलं ते सांगतो. पाठ करून ठेवा. उद्या तुमच्या ओट्यावरही कोणी येईल.

पहिली गोष्ट. अमुक वयाच्या आतलं मूल घरी एकटं ठेवायचं नाही, असं वय ठरवून देणारा कायदा भारतात नाही. आठ नाही, दहा नाही, बारा नाही. कुलूप लावणं हा नावानिशी लिहिलेला गुन्हा नाही.

दुसरी गोष्ट. तरीही ताई अगदीच खोटं बोलत नव्हती. २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम आहे. त्याचं कलम ७५ वाचा. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला मारहाण केली, टाकून दिलं, छळलं, धोक्यात उघडं सोडलं किंवा जाणूनबुजून त्याच्याकडं दुर्लक्ष केलं, आणि त्यातून मुलाला नाहक शारीरिक वा मानसिक त्रास होण्यासारखा असला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाख रुपये दंड, नाहीतर दोन्ही. धुणीभांड्याच्या पगारात एक लाख रुपये किती वर्षांत साठतात, हा हिशेब कलम लिहिणाऱ्यानं मांडलेला दिसत नाही.

तिसरी गोष्ट. मूल टाकून देण्याचं कलम वेगळं आहे. जुन्या दंडसंहितेत ते ३१७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ९३ झालं. बारा वर्षांखालचं मूल कायमचं सोडून देण्याच्या हेतूनं टाकलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. कामावर जाऊन तीनला परत येणाऱ्या मायला हे कलम लागत नाही. टाकलेलं लेकरू काय असतं ते वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकलेली, अपंग, बेवारस लेकरं जमवली आणि त्यांना आपलं आडनाव दिलं. ती लेकरं टाकलेली होती. आमच्या वस्तीतलं कुलपाआडचं लेकरू टाकलेलं नाही. त्याची माय त्याच्याच भाकरीसाठी गेली आहे, आणि जाताना त्याला गाडीखाली येण्यापासून वाचवून गेली आहे.

आता सगळी गाडी एका शब्दावर येऊन थांबते. जाणूनबुजून. कलम ७५ चं अर्धं वजन ह्या शब्दावर आहे. माय हे जाणूनबुजून करते का? कलमातच एक सूट आहे. जन्मदात्या आईबापांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळं मूल टाकलं असलं, तर ते मुद्दाम टाकलं नाही असंच धरायचं. चांगली गोष्ट. पण ही सूट टाकून देण्याला आहे. 'दुर्लक्षा'बद्दल सूट एक अक्षर बोलत नाही. जी माय लेकरू सोडूनच गेली तिची परिस्थिती कायद्याला दिसते. जी रोज परत येते तिची परिस्थिती तिनं स्वतः ठाणेदाराला आणि बाल कल्याण समितीला समजावून सांगायची.

ठाणेदारापुढं आपली बाई कशी बोलते, ते तुम्ही पाहिलं आहे. पदर तोंडात धरून उभी राहते.

म्हणून हेही ऐकून ठेवा. ह्याच कायद्याच्या पहिल्या पानांत तत्त्वं लिहिली आहेत. मूल वाढवण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. शेवटचा, पहिला नाही. कोणी लेकरं उचलायची भाषा केली तर हे वाक्य त्याच्यापुढं ठेवायचं. एकट्या मायचं लेकरू असलं तर राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला पैसे मिळतात, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज होतो. धमकी द्यायला आलेल्यांनी हा अर्ज बरोबर आणला असता तर त्यांचे पाय धुतले असते.

आणि त्या बाईचं पुढं काय झालं?

दोन दिवस ती कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी कॅम्पातल्या एका घरानं तिला काढलं. चौथ्या दिवशी ती परत निघाली. आता बाहेर कुलूप नाही. पोरीला सांगून ठेवलं आहे, आतून कडी लाव. कोणी हाक मारली तरी ओ देऊ नको. टीव्ही लावू नको. भावाला रडू देऊ नको. बुढीजवळ किल्ली देणं बंद. न जाणो, बुढीनंच कोणाला सांगितलं तर? कायद्याच्या नुसत्या धाकानं हे एवढं केलं. त्या लेकरांवर दिवसातून दोन-तीनदा एक नजर पडत होती, तीही गेली.

हा अग्रलेख लिहायला बसलो तो ह्या एका गोष्टीसाठी.

ही कायद्याची भाषा आली कुठून तेही पाहा. इंग्लंडात १९३३ साली मुलांचा आणि तरुण व्यक्तींचा कायदा झाला. मारहाण, दुर्लक्ष, टाकून देणं, उघडं सोडणं, आणि हे सगळं 'जाणूनबुजून', ही शब्दांची माळ त्यात आहे. तीच घासूनपुसून आपल्याकडं आली. इंग्लंडातही वय आजतागायत ठरलेलं नाही. मुलाला धोका होईल असं त्याला एकटं ठेवलं तर गुन्हा. धोका कोण ठरवणार? ज्याच्या हातात काठी आहे तो. अमेरिकेतही बहुतेक राज्यांत वय ठरलेलं नाही, पण बेड्या ठरलेल्या आहेत. २०१४ साली साउथ कॅरोलिनात एक काळी माय हॉटेलात कामाला होती. नऊ वर्षांची पोरगी तिनं जवळच्या बागेत खेळायला सोडली. मायला अटक झाली, पोरगी सरकारच्या ताब्यात गेली. बागेत खेळणाऱ्या पोरीला काही झालं नव्हतं. जे झालं ते सरकार आल्यावर झालं.

ह्याला म्हणायचं काय? गरीब असणं आणि लेकराकडं दुर्लक्ष करणं ह्या दोन गोष्टी कायद्याच्या डोळ्याला एकसारख्या दिसतात. चष्मा बदलल्याशिवाय त्या वेगळ्या दिसायच्या नाहीत.

आता कॅम्पातल्या त्या पाचव्या घराकडं चला. त्या घरच्या बाळावर पुरेशी देखरेख आहे. ती कोणाची आहे? आपल्याच बाईची. सातला निघालेली माय आपली नजर तिथं विकते. तिच्या नजरेचा भाव कॅम्पात लागतो, म्हणून फ्रेजरपुऱ्यात तिचं लेकरू नजरेवाचून राहतं. अकोल्यात जठारपेठेतल्या बाळांना अकोट फैलातल्या बाया खेळवतात, आणि अकोट फैलात त्यांची बाळं आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. देखरेख ही एक वस्तू आहे. ती विकत मिळते, आणि विकत घेणाऱ्याला कायदा चांगला पालक म्हणतो. विकणारीला?

शेकडो वर्षं आपण दुसऱ्याचं शेत राखलं, दुसऱ्याचं खळं राखलं, गावाची वेस राखली. आपल्या दारात राखणदार नाही तो आजचा नाही.

मग कायद्यानं मालकावर काही टाकलंच नाही का? टाकलं आहे. आणि ते टाकणाऱ्यांत आपला बाप आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतीण कामकरणीला पगारी रजा देणारं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि हा भार सरकारनंही उचलला पाहिजे असं त्यांनी मांडलं. पुढं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते, तेव्हा १९४५ साली खाणमालकांवर पाळणाघराची सक्ती आली. खाणीत उतरणाऱ्या मायचं लेकरू कोणी पाहायचं? तिनं नव्हे, ज्याला तिच्या घामातून नफा होतो त्यानं. साधा, सरळ न्याय. त्यात बाईला एकही प्रश्न विचारलेला नाही.

पण बाबासाहेबांनी लावलेल्या झाडाची पुढं कशी छाटणी झाली ती पाहा. १९४८ चा फॅक्टरी कायदा म्हणाला, पन्नासपेक्षा जास्त बाया असल्या तर पाळणाघर. १९७६ साली तो आकडा तीसवर आला. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा म्हणाला, पन्नासपेक्षा जास्त बाया कामावर असल्या तरच. आता सांगा, अकोल्यातल्या कोणत्या डालमिलमध्ये, कोणत्या जिनिंगमध्ये ठेकेदार हजेरीपटावर एकतीसावी बाई लिहील? तीस म्हटलं की तो अठ्ठावीसवर थांबतो. उरलेल्या बाया दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. अमरावतीत तीन मजल्यांच्या बिल्डिंगवर पन्नास बाया कधी दिसल्या का? दहा-बारा असतात आणि त्यांची लेकरं रेतीच्या ढिगावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात बाया आणि बाप्ये मिळून पन्नास कामगार असले तर पाळणाघर, असा आकडा आहे. बाप्ये मोजले हे बरं झालं, लेकरू बाप्याचंही असतं. पण पन्नास तो पन्नासच.

आणि घरकामाची बाई? तिला पाच मालक, आणि प्रत्येक मालकाकडं ती एकटी. पन्नासचा आकडा तिच्या जन्मात भरत नाही. नाक्यावरच्या बाईला तर रोज नवा मालक. शहरातल्या बहुतेक दलित बायांची मजुरी ह्या दोनच गल्ल्यांत आहे. कायद्याचं पाळणाघर ह्या गल्लीत शिरतच नाही. शिक्षेचं कलम मात्र शिरतं. त्याला आकड्याची अट नाही. एक माय, एक लेकरू, पुरे.

एकाच कायद्यानं शहाणपणाची मोजणी केली होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली तर एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला मजुरी द्यायची. इथं बाया मोजल्या नाहीत, मालकाचा फायदा मोजला नाही. लेकरं मोजली. पाच लेकरं, एक बाई, पूर्ण मजुरी. पण तो कायदा खेड्यापुरता. बडनेऱ्याच्या रेल्वेलायनीजवळच्या झोपडीला त्याचा उपयोग नव्हता.

तुम्ही म्हणाल, अंगणवाडी आहे की! आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात तेहतीस ठिकाणी सुरू झाली, त्यात आपल्या मेळघाटातली धारणी होती. म्हणजे देशाची अंगणवाडी पहिल्यांदा ज्या जमिनीवर बसली तीत अमरावती जिल्हा आहे. पण अंगणवाडीच्या घड्याळाकडं पाहा. माय सातला निघते, तेव्हा अंगणवाडी उघडलेली नसते. माय तीनला परततं, तेव्हा ती बंद झालेली असते. तीन वर्षांखालच्या लेकराला तिथं बसायला जागा नाही, त्याच्या नावानं घरी न्यायचं पाकीट मिळतं. पाकीट देखरेख करीत नाही. आणि अंगणवाडीताईला तरी काय देता? पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या ताया संपावर गेल्या त्या काही हौसेनं गेल्या नव्हत्या. २०२२ पासून केंद्राची 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं असं ती सांगते. कागदावर सुरेख आहे. आपल्या वस्तीत तो पाळणा हलताना दिसला तर आम्हाला पोस्टकार्ड टाका.

राज्यघटना उघडा. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीनं कलम ४५ नव्यानं लिहिलं गेलं. सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत सगळ्या मुलांना संगोपन आणि शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. प्रयत्न करील! आता हे कलम ७५ च्या शेजारी ठेवून वाचा. सरकारनं नाही केलं तर? प्रयत्न केला, जमलं नाही. मायनं नाही केलं तर? तीन वर्षं. एकाच लेकरासाठी दोन भाषा. सरकारला प्रयत्नाची, मायला कैदेची.

आणि ज्यांच्या हवाली लेकरं करायची ते सरकार स्वतः कसं सांभाळतं? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सतरा बाळांतली दहा गेली. ती बाळं कुलपाआड नव्हती, सरकारच्या काचेआड होती. त्यांच्या माया त्यांना घरी एकटं ठेवून गेल्या नव्हत्या, सर्वांत सुरक्षित जागा म्हणून तिथं ठेवून बाजूच्या वॉर्डात पडल्या होत्या. बाल न्याय कायद्यात संस्थेच्या माणसांना जास्त शिक्षा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ते बरोबरच आहे. पण फाइल हातात घेऊन वस्तीत येताना हा इतिहासही फाइलीत असू द्या.

इथपर्यंत टाळ्या वाजवल्या असतील तर आता हात खाली घ्या. पुढचं आपल्याबद्दल आहे.

सर्व्हेवाल्या ताईनं जो धोका पाहिला तो खरा होता. त्यावर गरिबीची फुलं वाहू नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा टिनाच्या बंद खोलीत तीन वर्षांचं लेकरू म्हणजे काय ते एक दुपार आत बसून पाहा. नळ रोज येत नाही म्हणून घरात पाण्याचा ड्रम भरलेला असतो, आणि लेकरू ड्रमात डोकावतं. चूल असते, सिलिंडर असतो, उघडी वायर असते. आणि किल्ली ज्याच्याजवळ दिली तो प्रत्येक शेजारी बुढीसारखा नसतो. लहान पोरींवर हात टाकणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. २०१२ चा पॉक्सो कायदा उगाच आला नाही. तेव्हा 'आमची लेकरं अशीच वाढतात' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. ते मालकाचं वाक्य आहे. अशीच वाढतात, म्हणून तर त्याला पाळणाघर बांधावं लागत नाही.

आणि त्या आठ वर्षांच्या पोरीचं काय? सगळे तीन वर्षांच्या भावाबद्दल बोलतात. देखरेख करणारी तीच आहे. तिच्यावर कोणाची देखरेख? ती शाळेच्या पटावर आहे आणि वर्गात नाही. २०१६ च्या बालमजुरी दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी केली, पण बहिणीनं भाऊ सांभाळणं हे कायद्याच्या लेखी कामच नाही.

इथं मला स्वतःचं बोलावं लागतं. माझी बहीण चौथीतून उठली. माय जिनिंगात जायची, मी दोन वर्षांचा होतो, मला कोण पाहणार? तिनं पाहिलं. तिच्या कडेवरून मी उतरलो तो शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, आज हे पान लिहितो. तिला हे पान वाचता येत नाही, अक्षरं जुळवत बसावं लागतं. ती आज दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते. पुरेशी देखरेख, पुरेशी देखरेख म्हणतात, ती माझ्यावर होती. तिची किंमत एका पोरीची शाळा. आपल्यातल्या कितीतरी ग्रॅज्युएटांच्या डिग्रीवर अशी एका बहिणीची अदृश्य सही आहे. मोर्चात आपण रोहित, पायल, खैरलांजी म्हणतो, म्हणायलाच पाहिजे. ह्या पोरीचं नाव कोणत्या फलकावर लिहिलं?

बाप्यांनो, तुम्हालाही विचारतो. सगळा लेख 'माय, माय' म्हणत आला. लेकराला बाप नव्हता का? नाक्यावर काम लागलं नाही तर तो दहा वाजता घरी येऊ शकतो. येतो का? आपल्या बैठकीला तीस पोरं जमतात, बाया दोन. उरलेल्या कुठं आहेत? तुमची लेकरं सांभाळत घरी आहेत, म्हणून तुम्हाला क्रांतीवर बोलायला फुरसत आहे.

ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं आपलं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरांनी काय केलं होतं ते आठवा. १९६९ साली ऑकलंडमध्ये त्यांनी शाळेत जाणाऱ्या लेकरांना सकाळचा फुकट नाश्ता सुरू केला. बंदूक खांद्यावर घेतलेले फोटो आपण भिंतीवर लावले, ताट वाढणारे हात विसरलो. त्याच्याही आधी आपल्याच घरात पाहा. विधवेनं लेकरू मारलं की कायदा तिला पकडायचा. ज्यानं तिला फसवलं तो मोकळा, ज्या समाजानं कोंडलं तोही मोकळा. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. कायदा अपराधी शोधत होता, त्यांनी दार उघडलं. मूल वाचवायचे हे दोन रस्ते तेव्हाही होते, आजही तेच दोन आहेत.

म्हणून आमचं म्हणणं असं.

महानगरपालिकेनं, अमरावतीच्या आणि अकोल्याच्याही, प्रत्येक वस्तीत पाळणाघर चालवावं. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी पाच. मायच्या घड्याळानं, साहेबाच्या नव्हे. सहा महिन्यांच्या लेकरापासून. मोजणी लेकरांची करावी. सांभाळणाऱ्या बाईला मानधन नको, पगार द्यावा. घरकामाची बाई ठेवणारांकडून आणि बांधकामावरच्या उपकरातून पैसा उभा करावा. आणि जोवर चालण्याच्या अंतरावर पाळणाघर नाही, तोवर कामावर गेलेल्या मायवर दुर्लक्षाचा गुन्हा लावू नये. आधी दार उघडा, मग विचारा लेकरू आत का नाही आणलं.

हे निवेदन तयार आहे. सह्या पाहिजेत. बायांच्या आधी घ्या.

पण निवेदन देऊन घरी झोपायचं नाही. आपल्या वस्तीत बुद्धविहार आहे. पंखे आहेत, फरशी आहे, संडास आहे. सकाळी वंदना झाली की दिवसभर त्याला कुलूप. तथागताला कोंडून ठेवायला कोणी सांगितलं? चौदा एप्रिलला आपण वर्गणी गोळा करतो, अर्धी डीजेवाला नेतो. त्या अर्ध्यात वस्तीतल्याच दोन बायांचा काही महिन्यांचा पगार निघतो. दोन बाया, एकटी कोणी नाही. पोरं पाळीपाळीनं, पण एकटा बाप्या लेकरांजवळ कधीच नाही, तो कोणी का असेना. दारावर १०९८ चा नंबर. आठ वर्षांची पोरगी भावाला सोडायला येईल आणि तिथून सरळ शाळेत जाईल. ती वर्गात गेली का, हे पाहायचं काम पाळीवरच्या पोराचं.

कोणी म्हणेल, हे तर समाजसेवेचं काम झालं, विद्रोह कुठं आहे? त्यानं आधी एक आठवडा पाळी करून दाखवावी. मग बोलू.

त्या बाईला आम्ही कायदा समजावून सांगितला. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजे नेत नाईत?"

"सहजासहजी नाही नेता येत."

"मंग म्या बुढीजवळ किल्ली देऊ का?"

दे म्हटलं. आता विहाराची किल्ली कोणाजवळ आहे, ते तुम्ही सांगा.

जय भीम.